तीन डोकी, एक हेडफोन

जमिनीखाली माझं दुकान. दुकान कसलं, काचेचं कपाट,
त्यात मी आणि एक हीटर.
वर त्बिलिसीचा बर्फ, बसगाड्या, ग्लदानीच्या सोळा मजली इमारती;
खाली जिन्यावरून उतरणारी पावलं.
बावीस वर्षं झाली. माणूस मला आधी पायांनी कळतो,
तोंड नंतर.

आज बंद करायच्या वेळेला तिघं आले.
आई त्सिउरी, कापड गिरणीतून निवृत्त,
अजून मागांच्या खडखडाटावरून बोलते.
मुलगी केसो. मुलगा ताझो, पंधराचा.
मुठीत एकशे दहा लारी, त्यातले दहा सुट्टे.
घर एका खोलीचं.
तिला गाणी, त्याला गेम, आईला सिनेमा.
"एकात तिन्ही बसेल असा दे, बाद्री."
मी म्हटलं, बसा आधी.
स्टूल एकच होतं.

ताझोने उचललं लाल दिव्यांचं खोकं.
सात पूर्णांक एक चॅनेल, असं त्यावर छापलेलं.
बाळा, कान किती तुला?
दोन.
मग उरलेले पाच पूर्णांक एक कुणाचे?
दिव्यांचे पैसे घेतात रे,
आणि दिवे लागतात तुझ्या कानांच्या बाहेर,
दिसतात ते तुझ्या बहिणीला, झोपमोड व्हायला.

केसोने फोनवर लावलं काखेतीकडचं गाणं,
लग्नाच्या टेबलावरचं. तीन पुरुष, तीन सूर.
खालचा जमिनीसारखा पडून राहतो,
मधला चालतो, वरचा भांडतो.
स्वस्तातल्या धमधम बासमध्ये खालचा एकटाच उरला,
बाकीचे दोघं रजईखालून गात होते.
मग मी काढला काळा, वायरचा,
कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतला, ऐंशी लारी.
तिने डोळे मिटले, बोटं मोजू लागली.
एक. दोन.
तिसरं बोट बराच वेळ हवेतच राहिलं.

"पण पावलं?" ताझो म्हणाला. "मागून कुणी आलं तर?"
खेळ लावला. तो गर्रकन वळला,
आणि मागून खरंच एक बाई बीटाची पिशवी घेऊन चालली होती.
तिला बिचारीला कळेना, आपण काय केलं.
उघड्या पाठीचा आहे तो, मी सांगितलं,
बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर जातं.
"म्हणजे रात्रभर मी याच्या बंदुका ऐकायच्या," केसो.
"म्हणजे मी हाक मारली की याला ऐकू येणार," त्सिउरी.

शेवटी तिने घातला. आधी बिनतारी:
पडद्यावर ओठ हलले, शब्द मागून आले.
"आमच्या गिरणीच्या साहेबासारखं,"
ती म्हणाली. "तोंड आज हलायचं, पगार पुढच्या महिन्यात."
मग काळा. पडद्यावरची नटी कुजबुजली.
"ही एवढं हळू का बोलते?" त्सिउरी ओरडली.
भुयारातले चार जण थांबले.
मी आवाज वाढवला नाही,
मधले सूर तेवढे थोडे उचलले.
मग ती काही बोलली नाही.
सिनेमा पुढे गेला, हीटर टिकटिकत राहिला,
मुलांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

गाद्या सोललेल्या, डाव्या बाजूला चिकटपट्टी.
मी दाखवलं. लपवून काय करू,
रोज याच जिन्याने जातात.
उरलेल्या पैशांत तीन मीटर वायर,
कारण ती सिनेमा कांदा चिरताना बघते,
आणि पडदा पलंगापाशी.

हीटर बंद केला. डोळे मिटले, सवय आहे.
जिन्यावर तीन जोड्या:
डावीकडे आई, दम खात,
उजवीकडे मुलगा, दोन-दोन पायऱ्या,
मुलगी मधे, जराशी मागे.
असं कुठल्या खोक्यावर छापत नाहीत.
मग एकच पावलं परत उतरू लागली. हलकी, घाईची.
केसो, मी मनात म्हटलं. बदलून मागणार.

त्सिउरी होती.
"बिल राहिलं," ती ओरडली,
"आणि चौदा दिवसांचं त्यावर लिहून दे."